गॉथिक कादंबरीतील किल्ला आणि मालकीचा प्रश्न

इ. स. १७८६ च्या अखेरीस हॉरेस वॉलपोल याला लेडी क्रेव्हन हिच्याकडून एक चित्र भेट म्हणून मिळाले. दक्षिण इटलीच्या किनाऱ्यावरील ओट्रँटो या गावच्या किल्ल्याचे ते चित्र होते. त्याची ‘द कॅसल ऑफ ओट्रँटो’ ही कादंबरी प्रसिद्ध होऊन तेव्हा बावीस वर्षे होत आली होती. परंतु त्या गावी खरोखरच किल्ला आहे, याची वॉलपोलला कादंबरी लिहिताना कल्पनाही नव्हती. नेपल्सच्या राज्याचा नकाशा पाहताना कानाला भारदस्त वाटलेले एक नाव त्याने उचलले होते, एवढेच. त्यात आणखी गंमत अशी की, ओट्रँटो येथे आज उभा असलेला किल्ला मुख्यतः पंधराव्या शतकाच्या शेवटच्या दोन दशकांतला आहे. १४८० मध्ये तुर्कांनी ते शहर घेतले आणि पुढील वर्षी ते परत मिळाल्यावर ॲरगॉनच्या राजवंशाने त्याची तटबंदी नव्याने उभारली. वॉलपोलची कथा मात्र धर्मयुद्धांच्या काळातील, म्हणजे त्याहून निदान दोनशे वर्षे आधीची. ज्या वास्तूवरून पुढील कादंबरीकारांनी आपापले किल्ले बेतले, ती वास्तू अशा रीतीने भूगोलातही नव्हती आणि इतिहासातही नव्हती.

हा तपशील केवळ मनोरंजक म्हणून सोडून देण्याजोगा नाही. गॉथिक कादंबरीतील किल्ल्यासंबंधी लिहिताना अंधारे जिने, भुयारे, करकरणारे दरवाजे आणि वाऱ्याने विझणारे दिवे यांची यादी द्यावयाची आणि जुन्या, पडक्या वास्तूची माणसाला स्वभावतःच भीती वाटते, असा निष्कर्ष काढावयाचा, असा एक प्रघात पडून गेला आहे. ही उपपत्ती अपुरी आहे. भीती अंधाराची असती, तर खाण, गुहा किंवा अरण्य यांनीही तेच काम केले असते. भीती पडक्या भिंतींची असती, तर ज्या प्रदेशांत पडके किल्ले डोंगरोडोंगरी उभे आहेत तेथे अशा कथांचे पीक सर्वांत आधी आले असते. गॉथिक कादंबरीतील किल्ला दगडांपेक्षा कागदांचा बनलेला आहे. जुन्या ग्रंथांतील कोरीव चित्रे, प्रवासवर्णने, वंशावळी, आणि विशेषेकरून मृत्युपत्रे व हक्कपत्रे, हे त्याचे खरे बांधकामाचे साहित्य होय. त्यात वावरणारी भीती एका प्रश्नाभोवती फिरते: ही वास्तू नेमकी कोणाची?

‘गॉथिक’ या शब्दाचा इतिहासही अशाच एका खोट्या वंशावळीचा इतिहास आहे. गॉथ ही जर्मानिक कुळातील एक जमात. तिच्या भाषेचे सर्वांत मोठे अवशेष म्हणजे चौथ्या शतकात बिशप वुल्फिला याने केलेले बायबलचे भाषांतर. त्याची सहाव्या शतकातील, जांभळ्या चर्मपत्रावर रुपेरी शाईने लिहिलेली प्रत स्वीडनमध्ये उप्साला येथे जतन केलेली आहे. बाराव्या शतकानंतरच्या ख्रिस्तमंदिरांतील टोकदार कमानींशी या लोकांचा काडीचाही संबंध नव्हता. सोळाव्या शतकातील इटालियन लेखकांनी, प्रामुख्याने वाझारी याने, ती शैली रानटी ठरविण्यासाठी रोमचा विध्वंस करणाऱ्या गॉथांचे नाव तिच्यावर लादले. इंग्लंडात मात्र या शब्दाला दुसरीही एक छटा आली. राजसत्तेला आवर घालणाऱ्या संस्था आपल्याला जर्मानिक पूर्वजांकडून लाभल्या, असे मानणारे लेखक ‘गॉथिक’ राज्यघटनेचा उल्लेख अभिमानाने करीत. अठराव्या शतकाच्या मध्यास म्हणूनच ‘गॉथिक’ म्हणजे रानटीही आणि वाडवडिलांचेही. तिरस्कार आणि वारसा हे दोन्ही अर्थ एकाच शब्दात नांदत असताना, १७६५ मध्ये वॉलपोलने आपल्या कादंबरीच्या दुसऱ्या आवृत्तीला ‘गॉथिक कथा’ असे उपशीर्षक दिले आणि एका वाङ्मयप्रकाराला नाव मिळाले.

‘कॅसल’ या शब्दाचाही थोडा विचार करणे आवश्यक आहे, कारण मराठी वाचकाची येथे फसगत होण्याचा संभव आहे. लॅटिन ‘कास्त्रुम’, म्हणजे लष्करी छावणी, या शब्दाच्या लघुत्ववाचक रूपापासून तो आला. १०६६ नंतर नॉर्मन सरदारांनी इंग्लंडात जे कॅसल उभारले, ते तटबंदीही होते आणि सरदाराचे राहते घरही होते. मराठीत या दोन अर्थांना वेगवेगळे शब्द आहेत. गड किंवा किल्ला हे राज्याचे ठाणे. तेथे किल्लेदार असतो, पण तो चाकर असतो. वाडा हे कुळाचे घर. दोहोंच्या मध्ये कोठेतरी ‘गढी’ बसते. गावचा वतनदार जिच्या मातीच्या तटामागे राहतो ती गढी हीच वस्तुतः ‘कॅसल’च्या सर्वांत जवळची संज्ञा म्हणता येईल, परंतु भाषांतरकारांनी ‘किल्ला’ हा शब्द रूढ केला असल्याने येथेही तोच वापरला आहे. मात्र त्या शब्दामागे ‘घर’ हा अर्थ सतत ऐकू आला पाहिजे. गॉथिक कादंबरीतील संकट शत्रू तटावर चढून येण्याचे नसते. ते घरातल्या घरात असते.

इंग्लंडातील खरे किल्ले वॉलपोलच्या काळापर्यंत निरुपयोगी झालेले होते. सतराव्या शतकातील यादवी युद्धानंतर पार्लमेंटच्या आज्ञेने कितीतरी किल्ल्यांचे तट मुद्दाम पाडण्यात आले. डॉर्सेटमधील कॉर्फ येथील किल्ला १६४६ मध्ये असाच उद्ध्वस्त झाला. त्याआधी, १५३६ ते १५४० या काळात, आठव्या हेन्रीने मठ बरखास्त करून त्यांच्या जमिनी राजाच्या खजिन्यात जमा केल्या आणि पुढे त्यांतील बऱ्याचशा विकल्या. म्हणजे इंग्रजी ग्रामीण भागात जे अवशेष अठराव्या शतकातील सुशिक्षितांना रम्य वाटू लागले, ते काळाच्या ओघाने झिजलेले नव्हते. जप्ती, विक्री आणि हस्तांतर यांच्या त्या खुणा होत्या. अनेक मोठ्या घराण्यांची मालमत्ता त्या मठांच्या जमिनींवरच उभी राहिली होती. मालकीविषयीची अस्वस्थता त्या दगडांत आधीपासूनच होती, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही. आणि तरीही, ज्यांच्या जमिनीवर असे अवशेष नव्हते, त्यांनी ते नवे बांधून घेतले! वूस्टरशरमधील हॅगली येथे सँडर्सन मिलर याने १७४० च्या दशकात एका उमरावासाठी मुळातच पडका असा किल्ला उभारून दिला.

वॉलपोलची गोष्ट याच जातीची आहे. इंग्लंडचा पहिला पंतप्रधान मानला जाणाऱ्या सर रॉबर्ट वॉलपोल याचा तो सर्वांत धाकटा मुलगा. हौटन येथील वडिलोपार्जित प्रासाद ज्येष्ठ शाखेकडे गेला. तेथील प्रसिद्ध चित्रसंग्रह त्याच्या पुतण्याने १७७९ मध्ये रशियाच्या सम्राज्ञी कॅथरीन हिला विकला, ही गोष्ट हॉरेसच्या मनाला फार लागली. त्याने स्वतः १७४७ मध्ये टेम्स नदीकाठी ट्विकनम येथे एक साधे घर भाड्याने घेतले, पुढे ते विकत घेतले, ‘स्ट्रॉबेरी हिल’ असे त्याचे नामकरण केले आणि पुढची कित्येक वर्षे त्याचा ‘छोटा गॉथिक किल्ला’ करण्यात घालविली. त्या किल्ल्याच्या दालनाचे छत वेस्टमिन्स्टर ॲबीतील सातव्या हेन्रीच्या प्रार्थनामंदिराच्या दगडी छतावरून घेतलेले आहे. मात्र ते कागदाच्या लगद्याचे आहे. जिन्याच्या भिंतींवर कोरीव दगडाचा आभास देणारा रंगविलेला कागद होता. ग्रंथालयातील कपाटांच्या कमानी लंडनच्या जुन्या सेंट पॉल मंदिरातील एका दारावरून बेतल्या होत्या. ते मंदिर १६६६ च्या आगीत नष्ट झाले असल्यामुळे त्या दाराचा नमुना एका जुन्या ग्रंथातील कोरीव चित्रावरूनच घ्यावा लागला. मठांतील गंभीर अंधारासाठी वॉलपोलने ‘ग्लूम्थ’ असा एक शब्दही बनविला. ‘वॉर्म’पासून ‘वॉर्म्थ’ होतो, त्याच धर्तीवर ‘ग्लूम’पासून ‘ग्लूम्थ’! ‘सेरेंडिपिटी’ हा त्याचाच शब्द इंग्रजीत रुजला. ‘ग्लूम्थ’ मात्र त्याच्याबरोबरच गेला. तरी शब्द पाडण्याची ही रीत आणि घर बांधण्याची रीत एकच आहे, हे लक्षात घेण्याजोगे आहे. जुना प्रत्यय नव्या जागी लावला की जुनेपणाचा भास निर्माण होतो.

१७६४ च्या जूनमध्ये या घरात त्याला स्वप्न पडले. आपण एका प्राचीन किल्ल्यात असून जिन्याच्या सर्वांत वरच्या कठड्यावर चिलखत घातलेला एक प्रचंड हात आहे, असे ते स्वप्न होते. विल्यम कोल या मित्राला पुढील वर्षी लिहिलेल्या पत्रात त्याने ही हकीकत सांगितली आहे. दोन महिन्यांच्या आत कादंबरी पूर्ण झाली आणि डिसेंबरात ती एका इटालियन ग्रंथाचे भाषांतर म्हणून प्रसिद्ध झाली. उत्तर इंग्लंडातील एका जुन्या कॅथलिक घराण्याच्या ग्रंथालयात सापडलेला, १५२९ साली नेपल्स येथे छापलेला तो मूळ ग्रंथ अर्थातच अस्तित्वात नव्हता. किल्ला खोटा, ग्रंथ खोटा, भाषांतरकारही खोटा. बनावट दस्तऐवजाचा आधार घेऊन जन्मलेल्या या कथेचा विषय काय आहे? बनावट मृत्युपत्र!

कथानक सर्वश्रुत आहे, तथापि त्यातील कायद्याचा धागा सहसा वेगळा काढून पाहिला जात नाही. ओट्रँटोचा अधिपती मॅनफ्रेड आपल्या मुलाचे लग्न इझाबेला हिच्याशी लावण्याची घाई करीत असतो, कारण एक जुने भविष्य त्याला छळत असते: खरा मालक त्या वास्तूत मावेनासा झाला की ती सध्याच्या घराण्याच्या हातून जाईल. लग्नाच्याच दिवशी आकाशातून पडलेल्या प्रचंड शिरस्त्राणाखाली मुलगा चिरडून मरतो. वारस नाहीसा होताच मॅनफ्रेड स्वतःच्या पत्नीशी काडीमोड घेऊन त्या मुलीशी विवाह करू पाहतो. ती भुयारातून शेजारच्या देवालयाकडे पळते. शेवटी उघड होते की, मॅनफ्रेडच्या आजोबाने, म्हणजे मूळ अधिपती अल्फोन्सो याच्या कारभाऱ्याने, धन्याला विष घातले आणि खोटे मृत्युपत्र तयार करून राज्य बळकावले. अल्फोन्सोची प्रचंड आकृती भिंती फोडून उभी राहते आणि शेतकऱ्याचा मुलगा समजला गेलेला थिओडोर खरा वारस ठरतो.

या कथेतील प्रत्येक ‘भयानक’ उपकरण पुराव्याचे काम करते. दालनातील अल्फोन्सोचे चित्र भीतिदायक आहे ते जुने आहे म्हणून नव्हे. थिओडोरचा चेहरा त्याच्याशी जुळतो म्हणून. कागदपत्र नष्ट करता येतात, परंतु चेहरा म्हणजे न पुसता येणारी वंशावळच. भुयार हा अशा व्यक्तीचा मार्ग आहे, जिला दरवाजातून बाहेर पडण्याचा अधिकार नाही. महाकाय शिरस्त्राण, हात आणि पाय किल्ल्यात ठिकठिकाणी अवतरतात. खरा मालक तुकड्यातुकड्यांनी ताबा घेत असतो. हास्यास्पद वाटणारी ही कल्पना, आणि समकालीनांतही काहींना ती तशीच वाटली, आतून पाहता अगदी तर्कशुद्ध आहे.

क्लारा रीव्ह हिला ही अवाढव्य भुते पसंत नव्हती. १७७७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आणि पुढील वर्षी ‘द ओल्ड इंग्लिश बॅरन’ या नावाने पुन्हा छापलेल्या आपल्या कादंबरीत तिने किल्ला इंग्लंडात आणला व भुताला आटोक्यात ठेवले. तिने एक बंद दालन निर्माण केले. शेतकऱ्याच्या घरी वाढलेला एडमंड त्या दालनात तीन रात्री निजतो. तेथे रक्ताने माखलेले चिलखत सापडते आणि जमिनीखाली गाडलेली हत्येची साक्ष पुढे मिळते. पुढील शेकडो कादंबऱ्यांतील ‘न उघडलेली खोली’ येथून निघाली. रीव्हच्या कादंबरीचा उत्तरार्ध मात्र आजच्या वाचकाला चकित करतो. गुन्हा उघड झाल्यावर कादंबरी संपत नाही. इस्टेट परत कशी द्यावयाची, इतक्या वर्षांच्या उत्पन्नाच्या थकबाकीचे काय, घरातील सामानसुमानाची किंमत कोणी भरावयाची, यांविषयी प्रदीर्घ वाटाघाटी चालतात. ही पाने वाचताना मामलेदार कचेरीतील फेरफाराची नोंद वाचल्यासारखे वाटते. वॉलपोलने या कादंबरीची कंटाळवाणी म्हणून थट्टा केली. पण आपल्याच कथेचा गाभा तिने उघडा करून दाखविला, हे त्याच्या लक्षात आलेले दिसत नाही.

याच सुमारास एका कायदेपंडिताने नेमकी हीच प्रतिमा उलट दिशेने वापरली. सर विल्यम ब्लॅकस्टन याच्या इंग्लंडच्या कायद्यांवरील विवेचनाचा पहिला खंड १७६५ मध्ये, म्हणजे ‘ओट्रँटो’च्या दुसऱ्या आवृत्तीच्याच वर्षी, बाहेर पडला. १७६८ च्या तिसऱ्या खंडात तो इंग्लंडच्या कायद्याची तुलना वारशाने मिळालेल्या एका जुन्या गॉथिक किल्ल्याशी करतो. खंदक आणि बुरूज भव्य पण निरुपयोगी. आतल्या खोल्या आधुनिक रहिवाशाच्या सोयीच्या, मात्र त्यांच्याकडे जाण्याच्या वाटा नागमोडी व अवघड, असा त्याचा आशय आहे. ब्लॅकस्टनला या उपमेत अभिमान अभिप्रेत होता. परंतु त्याच्याच पहिल्या खंडात विवाहाविषयीचे जे प्रकरण आहे, ते वाचल्यावर या किल्ल्यातील एक खोली वेगळी दिसू लागते. विवाहाने स्त्रीचे कायदेशीर अस्तित्व स्थगित होते, ते पतीच्या अस्तित्वात सामावले जाते, असा तो सिद्धांत आहे. त्यानुसार पत्नीची जंगम मालमत्ता पतीची होई आणि तिच्या जमिनीचे उत्पन्नही त्याच्याच हाती जाई. श्रीमंत घरांतील मुलींसाठी वेगळा करार करून काही इस्टेट पतीच्या हाताबाहेर ठेवण्याची सोय न्यायालये मान्य करीत. पण पत्नीची स्वाक्षरी मिळविता आली, तर ती तटबंदीही ढासळत असे. इंग्लंडात विवाहित स्त्रियांच्या मालमत्तेचे कायदे १८७० आणि १८८२ मध्ये झाले, तोपर्यंत ही स्थिती चालू होती.

ॲन रॅडक्लिफ हिच्या कादंबऱ्या या पार्श्वभूमीवर वाचल्या पाहिजेत. ‘अ सिसिलियन रोमान्स’ (१७९०) मध्ये किल्ल्याच्या ओसाड भागातून रात्री दिवे दिसतात, आवाज येतात. अखेरीस तेथे भूत नसून, दुसरे लग्न करता यावे म्हणून पतीने मृत म्हणून जाहीर केलेली आणि वर्षानुवर्षे कोंडून ठेवलेली पत्नी सापडते. कायद्याने जिचे अस्तित्व स्थगित केले, ती स्त्री येथे शब्दशः भूत झालेली आहे. ‘द मिस्टरीज ऑफ यूडॉल्फो’ (१७९४) या कादंबरीसाठी प्रकाशकाने रॅडक्लिफला पाचशे पौंड दिले. त्या काळी कादंबरीसाठी ही रक्कम असाधारण होती. ॲपेनाइन पर्वतातील तो किल्ला रंगविताना तिने इटली पाहिलेली नव्हती आणि पुढेही ती तेथे कधी गेली नाही. साल्व्हातोर रोझासारख्यांच्या चित्रांतून व इतरांच्या प्रवासवर्णनांतून तिने तो उभा केला.

यूडॉल्फोतील खलनायक माँटोनी हा पाहता पाहता सामान्य माणूस ठरतो. त्याला रक्त नको आहे. स्वाक्षरी हवी आहे. कर्जबाजारी माँटोनीने एमिलीच्या आत्याशी लग्न केले ते तिच्या फ्रान्समधील इस्टेटींसाठी, आणि त्या तिने स्वतःच्या नावे राखून ठेवल्या असल्यामुळे तो तिला बुरुजात कोंडतो. ती सही न करता मरते. मग तेच कागद भाचीपुढे येतात. वादळी रात्री, न लागणारा दरवाजाचा अडसर, जिन्यावरील पावले, यांतून जे दडपण येते त्याचे मूळ त्या कागदांत आहे. किल्ल्यावर माँटोनीचा स्वतःचा हक्कही संशयास्पद आहे. आधीची मालकीण नाहीशी झाली आणि पुढचा वारस म्हणून तो आत शिरला.

काळ्या पडद्याची गोष्ट तर फारच बोलकी आहे. एमिली एका खोलीतील पडदा बाजूला सारते आणि मूर्च्छित पडते. तिने काय पाहिले, हे रॅडक्लिफ शेकडो पाने सांगत नाही. अखेरीस कळते की, पडद्यामागे किडे लागलेल्या प्रेताची मेणाची प्रतिकृती होती. या खुलाशाने वाचकांचा हिरमोड होतो आणि टीकाकार रॅडक्लिफला दोष देतात. परंतु ती प्रतिकृती तेथे का होती, हे वाचण्याचे कष्ट फारच थोडे घेतात. धर्मगुरूने सांगितलेले प्रायश्चित्त म्हणून एका पूर्वजाने ती करवून घेतली होती, आणि वंशजांनी ती जतन केली नाही तर इस्टेटीचा काही भाग चर्चकडे जावा, अशी अट त्याने मृत्युपत्रात घातली होती. इंग्रजी कादंबरीतील सर्वांत प्रसिद्ध भीतीच्या मागे मृत्युपत्रातील एक कलम निघते! रॅडक्लिफने हे सहज लिहिले की हेतुपुरस्सर, हा प्रश्न गौण आहे. हा संकेत इतका मुरलेला होता की भयाचा उगम सांगावयाचा म्हटल्यावर लेखणी आपोआप त्या दिशेला वळली.

जेन ऑस्टिन हिला हे नेमके उमगले होते. ‘नॉर्थँगर ॲबी’ ही कादंबरी १७९८–९९ च्या सुमारास लिहिली गेली आणि लेखिकेच्या मृत्यूनंतर १८१७ च्या अखेरीस प्रसिद्ध झाली. तीत भयकथा वाचून भारलेली कॅथरीन जुन्या मठवजा घरात पाहुणी म्हणून जाते, कपाटात गुप्त हस्तलिखित सापडले म्हणून थरारते आणि सकाळी ती धोब्याची यादी असल्याचे पाहून शरमते. हे विडंबन सर्वांच्या स्मरणात राहते. त्यापुढचा भाग तितकासा राहत नाही. यजमान जनरल टिल्नी याने पत्नीचा खून केल्याचा तिचा संशय खोटा ठरतो. पण ती धनवान वारस नाही असे कळताच तोच जनरल तिला सत्तर मैलांच्या प्रवासाला एकटीच घराबाहेर काढतो. भुते खोटी, मालमत्ता खरी. ऑस्टिनने गॉथिक कादंबरीची थट्टा केली असे म्हणण्यापेक्षा तिने तीतील रंगीत कागद काढून आतली भिंत दाखविली, असे म्हणणे अधिक यथार्थ होईल.

१७९० नंतर या कादंबऱ्यांना जो पूर आला, त्याचे कारण मार्की द साद याने १८०० मधील आपल्या निबंधात फ्रेंच राज्यक्रांतीच्या धक्क्यांत शोधले. १४ जुलै १७८९ रोजी पाडावास सुरुवात झालेल्या बास्तीलमध्ये तो स्वतः त्या महिन्याच्या आरंभापर्यंत कैदी होता. त्यामुळे त्याच्या मताला एक वेगळे वजन आहे. मात्र हे कारण वाढीचे आहे, उगमाचे नव्हे. त्याच दशकात, १७९६ पासून, जमेकातील गुलामांच्या श्रमांवर पोसलेल्या उसाच्या मळ्यांच्या पैशातून विल्यम बेकफर्ड याने फाँटहिल येथे प्रचंड गॉथिक वास्तू बांधावयास घेतली. सुमारे २७६ फुटी मनोऱ्याची ती वास्तू त्याला १८२० च्या दशकाच्या आरंभी विकावी लागली आणि १८२५ मध्ये मनोरा कोसळला. कादंबरीच्या शेवटी पडणाऱ्या भिंती येथे प्रत्यक्षात पडल्या.

एडगर ॲलन पो याने १८३९ मध्ये हा सारा संकेत एका शब्दात आणून ठेवला. त्याच्या ‘अशर’ कथेत शीर्षकातील ‘हाउस’ या शब्दाचे दोन अर्थ आहेत, वास्तू आणि वंश. आजूबाजूचे शेतकरी दोहोंना एकच नाव देतात, हे कथेतच नमूद आहे. शेवटचा वंशज मरतो आणि घर तळ्यात कोसळते. इंग्रजीत हा श्लेष जुळवावा लागतो. मराठीत तो व्याकरणातच आहे. ‘घर’ शब्दावरूनच ‘घराणे’ झाले, आणि ‘घर बुडाले’ या वाक्प्रयोगात भिंतींचा उल्लेख कोणालाच अभिप्रेत नसतो.

हा धागा मराठी मुलखात थोडा पुढे नेला, तर वर मांडलेल्या उपपत्तीची परीक्षा पाहता येते. अंधारी कोठारे, कोरडी टाकी, चोरवाटा आणि ढासळलेले बुरूज सह्याद्रीत विपुल आहेत; १८१८ नंतर इंग्रजांनी अनेक गडांच्या पायऱ्या व दरवाजे मुद्दाम उद्ध्वस्त केले, हेही कॉर्फच्या तटांशी जुळते. असे असूनही रायगड किंवा राजगड यांचे नाव घेताच मराठी मनात जी भावना उठते ती भयाची नव्हे. गड हा राज्याचा असतो. त्याच्या मालकीविषयी भावाभावांत दावा नसतो. भय वस्तीला येते ते वाड्यात. जेथे वाटण्या, दत्तकविधान, भाऊबंदकी आणि तळघरात पुरलेले धन आहे, तेथेच मराठी भुताला जागा मिळते; २०१८ सालच्या ‘तुंबाड’ या चित्रपटातही भय आणि पुरलेल्या धनाचा लोभ हे एका जुन्या वाड्यातच एकत्र येतात.

पुण्याच्या शनिवारवाड्याचे उदाहरण तर वॉलपोलच्या चौकटीत जसेच्या तसे बसते. ३० ऑगस्ट १७७३ रोजी, म्हणजे ‘ओट्रँटो’ प्रसिद्ध झाल्यानंतर नऊ वर्षांच्या आत, अठरा वर्षांच्या नारायणराव पेशव्याचा त्याच वाड्यात गारद्यांनी वध केला. गादीवर डोळा असलेला चुलता रघुनाथराव त्या वेळी वाड्यातच नजरकैदेत होता. ‘काका, मला वाचवा’ ही हाक अजूनही रात्री तेथे ऐकू येते, अशी समजूत आहे. वाडा १८२८ च्या आगीत जळून गेला. उरले आहेत ते तट, दरवाजे आणि जोती. हाक मात्र उरली. आणि या घटनेभोवती जी आख्यायिका घट्ट झाली, ती एका अक्षराची आहे. मूळ हुकूम ‘धरावे’ असा होता आणि आनंदीबाईने ‘ध’चा ‘मा’ केला, अशी ती आख्यायिका. इतिहासदृष्ट्या ती ग्राह्य धरण्याचे कारण नाही. परंतु कुळातील हत्या, संशयास्पद वारसा आणि बदललेला दस्तऐवज ही तिन्ही अंगे लोकमानसाने ओट्रँटोचे नावही न ऐकता एकत्र आणली, हे महत्त्वाचे आहे. येथे वाङ्मयीन अनुकरणाचा प्रश्नच उद्भवत नाही. जेथे घर आणि अधिकार एकाच भिंतीत कोंडले जातात, तेथे भय बहुधा सारखेच रूप घेते, एवढे अनुमान त्यावरून करता येईल.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ब्रॅम स्टोकर याने ‘ड्रॅक्युला’ (१८९७) लिहिली, तेव्हा किल्ल्याच्या संकेताला सव्वाशे वर्षे उलटून गेली होती. स्टोकरनेही ट्रान्सिल्व्हेनिया कधी पाहिला नाही. व्हिटबी येथील ग्रंथालयात चाळलेला विल्यम विल्किन्सनचा १८२० चा ग्रंथ आणि एमिली जेरर्डचे त्या प्रदेशातील समजुतींवरील लेखन यांवर त्याने काम भागविले. रुमानियातील ब्रानचा किल्ला आज पर्यटकांना ड्रॅक्युलाचा म्हणून दाखविला जातो. त्याचा कादंबरीशी संबंध शाबीत करता येत नाही. ओट्रँटोची पुनरावृत्तीच ही. मात्र या कादंबरीच्या आरंभी किल्ल्यात शिरणारी व्यक्ती कोण आहे, याकडे लक्ष दिले पाहिजे. ती पळून आलेली नायिका नाही, हरवलेला वारसही नाही. जोनाथन हार्कर हा नुकताच परीक्षा उत्तीर्ण झालेला वकील आहे, आणि लंडनजवळील एका जुन्या घराच्या खरेदीचे कागद घेऊन तो आलेला आहे. काउंटच्या ग्रंथालयात त्याला इंग्लंडातील वकिलांची सूचीही आढळते. नवे घर आपल्याला मानवणार नाही, आपले कूळ जुने आहे, असे काउंट त्याला सांगतो. दीडशे पिढ्यांची ओझी वाहणाऱ्या भुतांच्या जागी आता रीतसर खरेदीखत करणारा मालक आलेला आहे. आणि पहिल्या काही प्रकरणांतील भीती, बारकाईने पाहिल्यास, आपण तयार केलेल्या दस्तऐवजांनी कोणाला कोणत्या घरात प्रवेश मिळतो आहे, हे त्या वकिलाला हळूहळू उमगण्याची भीती आहे.

स्टोकरच्या टंकलिखितात अखेरीस काउंटचा किल्ला एका प्रचंड उत्पाताने नष्ट होतो, असा मजकूर होता. वॉलपोलने घालून दिलेली रीत तीच होती. छापण्यापूर्वी तो भाग गाळण्यात आला. प्रसिद्ध झालेल्या पुस्तकात मालक नाहीसा झाल्यावर सात वर्षांनी हार्कर आपल्या कुटुंबासह व मित्रांसह त्या प्रदेशात पुन्हा जातो, तेव्हा सभोवारच्या ओसाड मुलखात किल्ला पूर्वी होता तसाच उभा असतो.